स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये भूकंपाचा रकाना हवा: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई.

सविनय नमस्कार.

दरवर्षी पावसाच्या तोंडावर शहरात धोकादायक इमारतींच्या याद्या लागतात. म्हाडाची उपकरप्राप्त इमारतींची वेगळी, आपली सी-वन, म्हणजे अतिधोकादायक, इमारतींची वेगळी. नोटिसा चिकटतात, टेकू लागतात, संक्रमण शिबिरावरून वाद होतात, आणि पहिला जोरदार पाऊस येईपर्यंत काही कुटुंबं तरी सुरक्षित जागी हललेली असतात. या कामामुळे माणसं वाचतात, याबद्दल मला शंका नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या इमारती तपासणं हेच माझं रोजचं काम, आणि त्याच कामातून हे पत्र लिहावंसं वाटलं.

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीचं ऑडिट बंधनकारक आहे. आम्ही जातो. रिबाउंड हॅमर मारून पाहतो, काँक्रीटमधून अल्ट्रासॉनिक लहरी पाठवतो, हाफ सेलने सळयांचा गंज जोखतो, कोअर काढून लॅबला देतो. या सगळ्या खटाटोपातून एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं: ही इमारत स्वतःचं आणि आतल्या माणसांचं वजन आणखी किती वर्षं पेलेल? हा भार वरून खाली जाणारा. जमीन हलते तेव्हा भार आडवा येतो. आडव्या भाराखाली इमारतीचं काय होईल, याबद्दल माझ्या नजरेखालून गेलेल्या बहुतेक अहवालांत एक ओळही नसते. ती ओळ सक्तीची व्हावी, आणि तिची सुरुवात महापालिकेच्या स्वतःच्या रुग्णालयांपासून, पुलांपासून आणि जलवाहिन्यांपासून व्हावी, ही माझी मागणी.

पश्चिम उपनगरातल्या एका सोसायटीचं उदाहरण देतो. सत्तरच्या दशकातली तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत, खाली रस्त्याकडेला दुकानं. सेक्रेटरींनी ऑफिसात बसवून आधीच्या ऑडिटची जाड फाइल पुढे ठेवली. तडे कुठे, गळती कुठे, कोणत्या बीमला पॉलिमर मॉर्टर, कोणत्या कॉलमला जॅकेटिंग, सगळं व्यवस्थित नोंदलेलं होतं. मग आम्ही खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या दुकानात रोलिंग शटरची पट्टी नीट बसावी म्हणून कॉलमची एक कड छिन्नीने वीतभर उंचीपर्यंत तासून काढलेली, आतली सळई उघडी, त्यावर ऑइल पेंट. बाजूच्या दोन गाळ्यांमधली भिंत पाडून एकच शोरूम केलेलं. वजनाच्या हिशेबात ती इमारत आजही बसते. वरच्या चारही मजल्यांवर विटांच्या भिंती भरगच्च, आणि खाली, जिथे आडवा धक्का सगळ्यात जास्त येणार, तिथे भिंती जवळपास नाहीतच. सेक्रेटरींनी मला विचारलं, "साहेब, अजून पंधरा वर्षं काढेल ना?" मी वजनापुरतं उत्तर दिलं आणि आडव्या धक्क्याबद्दल अहवालाला वेगळी टीप जोडली. अहवालाच्या ठरलेल्या नमुन्यात तिला रकाना नव्हता, त्यामुळे ती वाचायला आणि तिच्यावर काही करायला कोणीच बांधील नव्हतं.

मुंबईत कुठे भूकंप होतात, असं लोक विचारतात. पावसाने या शहराला दर दोन-चार वर्षांनी झोडपलं, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, म्हणून पर्जन्यमापक आले, पंपिंग स्टेशनं आली. भूकंप अशी वारंवार आठवण करून देत नाही. म्हणून शेजारी काय घडलं ते पाहावं लागतं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं दगावली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला दोन्ही अंगांनी तडे गेले आणि पुढे मागच्या बाजूने जाड काँक्रीट घालून ते मजबूत करावं लागलं. तोवर दख्खनचं पठार म्हणजे अढळ खडक, इथे काही व्हायचं नाही, असंच मानलं जात होतं. या धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी खडकांच्या भेगांत मुरलं, आतला दाब वाढला, आणि आधीच ताणाखाली असलेला प्रस्तर सरकला. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं जगभर दिलं जाणारं हे ठळक उदाहरण आहे. तिथे आजवर ५ पेक्षा जास्त तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के नोंदले गेले आहेत, आणि त्यांचा अभ्यास करण्यासाठी त्याच परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं आहे. मुंबईपासून हे सगळं सरळ रेषेत दोनशे किलोमीटरवर.

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीने हजारो माणसं गिळली. देशाच्या भूकंपधोक्याच्या नकाशावर तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जवळचं पाहायचं तर मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा जलाशयाच्या परिसरात १९८३ मध्ये हादऱ्यांची मालिका झाली. पालघर जिल्ह्यात धुंदलवाडीच्या आसपास नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांनी लोकांची झोप उडवली. नोव्हेंबर १९४५ मध्ये आजच्या पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ ८.१ चा भूकंप झाला, तेव्हा समुद्राच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि इथली माणसं वाहून गेली. २००२ च्या राष्ट्रीय नकाशात मुंबई तिसऱ्या पट्ट्यात आहे, म्हणजे मध्यम धोक्याच्या. मध्यम हा शब्द जमिनीच्या हादऱ्यापुरता आहे. नुकसान किती होणार, ते वर काय बांधलंय आणि खाली कशी माती आहे यावर ठरतं.

याचा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात कडू पुरावा अहमदाबाद. २६ जानेवारी २००१ ला भूकंपाचं केंद्र कच्छमधल्या भचाऊजवळ होतं, अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून दूर. तरी तिथे बहुमजली इमारती खाली बसल्या आणि सातशेहून अधिक माणसं गेली. पडलेल्या अनेक इमारतींचं दुखणं एकच होतं: खाली पार्किंगसाठी मोकळे स्टिल्ट, म्हणजे नुसत्या कॉलमांचा मजला, वर भिंतींनी भरलेले मजले. धक्का आला की वरचा भाग एकसंध ठोकळ्यासारखा हलतो आणि सगळं वाकणं खालच्या कॉलमांच्या वाट्याला येतं. कॉलमची डोकी आणि पाय फुटतात, वरचे मजले जवळजवळ शाबूत खाली येतात. त्यानंतर २००२ च्या भारतीय भूकंप मानकाने (आयएस १८९३) अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम अडीच पट बलासाठी डिझाइन करायला सांगितलं. पण त्याआधी उभ्या राहिलेल्या स्टिल्टच्या इमारती अंधेरीत, बोरिवलीत, मुलुंडला, चेंबूरला, गल्लीगल्लीत आहेत. त्यात माणसं राहतात, आणि पावसाळी ऑडिटमध्ये त्या "सी-थ्री, किरकोळ दुरुस्ती" म्हणून पास होऊ शकतात.

आता जमिनीकडे येतो, कारण मुंबईचा खरा प्रश्न तिथे आहे असं माझं मत आहे.

मलबार हिल, अंटॉप हिल, अंधेरीची गिल्बर्ट हिल, हा सगळा खडक. पण सात बेटांच्या मधल्या खाड्या बुजवून, खाजणं भरून, समुद्र मागे ढकलून आपण जे शहर केलं, ते वेगळ्याच जमिनीवर आहे. बॅकबे, वांद्रे-कुर्ला संकुल, वडाळा-शिवडीचा पूर्व किनारा, मालाड-गोराईच्या खाडीकडचे भाग: कुठे भराव, कुठे काळा चिखल, कुठे रेती. खडकातून आलेली लहर मऊ थरात शिरली की तिचा वेग कमी होतो आणि हेलकावा वाढतो. थर जितका जाड आणि मऊ, तितका त्याचा झोका सावकाश. इमारतीचाही स्वतःचा झोका असतो, ढोबळ हिशेबाने मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग. दहा मजली इमारत साधारण एका सेकंदात एक फेरी करते. जमिनीचा आणि इमारतीचा झोका जुळला की प्रत्येक फेरीला हेलकावा वाढत जातो. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटीत हेच झालं. केंद्र साडेतीनशे किलोमीटर दूर किनाऱ्यावर, पण शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर वसलेला. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींची सगळ्यात जास्त हानी झाली. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या भूकंपाने सुमारे हजार किलोमीटरवरच्या बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली एक तीसहून अधिक मजल्यांची इमारत कोसळली. तिच्या बांधकामाच्या दर्जाचे प्रश्न निराळे. पण शहरातल्या धडधाकट टॉवरांच्या गच्चीवरच्या तलावांतून पाणी खाली कोसळताना सगळ्या जगाने पाहिलं, आणि तिथलीही जमीन मऊ चिकणमातीचीच आहे.

रेतीची तऱ्हा आणखी वेगळी. गिरगाव चौपाटीवर ओहोटीच्या वेळी ओल्या रेतीत उभं राहून टाच सारखी आपटत राहा. थोड्या वेळाने पाणी वर येतं आणि पाय आत जातो. पाण्याने भरलेल्या सैल रेतीला भूकंपाचे हेलकावे बसले की तेच मोठ्या प्रमाणात होतं. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना सोडतात आणि जमीन काही वेळ द्रवासारखी वागते. इंजिनिअर याला द्रवीकरण म्हणतात. १९६४ मध्ये जपानच्या निगातामध्ये अख्ख्या इमारती न फुटता कलंडल्या. १९९५ मध्ये कोबेचं बंदर, भराव घालून केलेल्या बेटांवर उभं, असंच खचलं.

मुंबईची जमीन कुठे कशी आहे, हे आपल्याला जवळजवळ माहीत आहे. प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या आधी बोअर घेतले जातात. मेट्रो-३ ची ३३.५ किलोमीटरची लाइन, कोस्टल रोड, अटल सेतू, पुनर्विकासाच्या असंख्य इमारती, सगळ्यांसाठी जमीन भोकं पाडून तपासली गेली. हे अहवाल वेगवेगळ्या खात्यांच्या, प्राधिकरणांच्या आणि कन्सल्टंटांच्या फायलींत विखुरलेले आहेत. ते एका ठिकाणी आणा, वॉर्डवार नकाशा करा आणि तो लोकांसाठी खुला करा. जिथे बोअर नाहीत तिथे जपानच्या नाकामुरांनी १९८९ मध्ये मांडलेली पद्धत आहे. भूकंपाची वाटही पाहावी लागत नाही. रात्री रहदारी ओसरल्यावर छोटं यंत्र जमिनीवर ठेवायचं, जमिनीची जी बारीक थरथर नेहमी चालू असते ती अर्धा तास नोंदायची, आणि तिच्यातून त्या जागेचा झोका काढायचा. पालघरचा एखादा हादरा येईल तेव्हा मलबार हिलवर आणि वांद्र्याच्या भरावावर ठेवलेली दोन यंत्रं काय फरक सांगतात, तेही कळेल. आयआयटी मुंबईत ही विद्या आहे, विद्यार्थी आहेत. महापालिकेने बोलवायचा अवकाश.

एक गोष्ट बारकाईने सांगतो, कारण पुनर्विकासाच्या साइटवर ती रोज घडते आहे. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात, त्यांची टोकं फिटर अनेकदा काटकोनात वाकवून सोडतो. ती १३५ अंशांत, कॉलमच्या पोटात वळवायची असतात. भूकंपात कॉलमचं वरचं कव्हर आधी गळून पडतं. काटकोनातलं टोक त्याबरोबर उघडतं, रिंग सैल होते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम चिरडतो. १३५ अंशांचं टोक आतल्या काँक्रीटमध्ये रुतून राहतं आणि रिंग धरून ठेवते. फरक काही सेंटिमीटर सळईचा आणि फिटरच्या अर्ध्या मिनिटाचा. जॉइंटजवळ रिंगा जवळजवळ हव्यात, तिथेही तेच. आयएस १३९२० या भारतीय मानकात हे १९९३ पासून लिहिलेलं आहे. काँक्रीट ओतलं की ते कोणालाही दिसत नाही. म्हणून काँक्रीटच्या आधी रिंगांचे फोटो रेकॉर्डवर ठेवणं सक्तीचं करा, आणि अधूनमधून न कळवता तपासणी होऊ द्या.

"भूकंपरोधक" हा जाहिरातीतला शब्द वाचून लोकांना वाटतं, घराला ओरखडाही येणार नाही. मानकाचं आश्वासन तसं नाही. मोठ्या धक्क्यात इमारत फुटली तरी चालेल, पण कोसळता कामा नये आणि आतली माणसं बाहेर पडायला हवीत, हे त्याचं सूत्र. राहत्या घराला ते ठीक आहे. रुग्णालयाला नाही. रुग्णालय त्याच दिवशी चालायला हवं. म्हणून मानक रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं यांच्यासाठी दीडपट बल धरायला सांगतं. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात नुकतंच उघडलेलं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय खालच्या मजल्यात मोडलं आणि अखेर पाडावं लागलं. भुजचं सिव्हिल हॉस्पिटल २००१ मध्ये, लोकांना त्याची सगळ्यात जास्त गरज होती त्याच सकाळी, कोसळलं. नवं बांधताना ते रबराच्या बेअरिंगांवर उभं केलं. आपलं नायर १९२१ चं, केईएम १९२६ चं. नंतर वेगवेगळ्या दशकांत वाढवलेल्या विंगा, मधले जोडपूल, त्यांतून जाणाऱ्या ऑक्सिजनच्या लाइनी. इमारत तगली आणि दोन विंगांच्या सांध्यावर ती नळी तुटली, तरी आयसीयू बंद. सिलिंडरला साखळी, जनरेटरला पक्कं बांधणं, गच्चीवरच्या टाक्यांना अटकाव, ही कामं वॉर्ड रिकामे न करता काही आठवड्यांत होण्यासारखी आहेत.

पाण्याबद्दलही हेच. १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरलं, पण शहर बेचिराख झालं ते पुढच्या आगीने. पाण्याचे पाइप फुटले होते, अग्निशमन दलाच्या नळीला पाणी नव्हतं आणि आग तीन दिवस धुमसली. कोबेतही आगी लागल्या, आणि काही भागांत पाणी पूर्ववत व्हायला दोन महिन्यांहून जास्त लागले. मुंबईत आज घराघरात पाइप गॅस आहे आणि माहुल-ट्रॉम्बेला तेलाच्या टाक्या आहेत. महापालिकेने खडकात खोल जे जलबोगदे खणले, ते भूकंपाच्या दृष्टीने उत्तम काम आहे, हे मनापासून सांगतो. धोका तिथे आहे जिथे पाइप खडक सोडून भरावात शिरतो, खाडी ओलांडतो किंवा जुन्या बिडाच्या सांध्यावर टेकतो. अशा जागांची यादी जल अभियंता खात्याला एका मोसमात करता येईल. तिथे लवचीक सांधे आणि झडपा बसवणं हे नंतरचं काम.

पुलांबद्दल थोडक्यात. २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा आणि २०१९ मध्ये सीएसएमटीजवळच्या पादचारी पुलाचा भाग कोसळल्यावर पुलांचं ऑडिट जोरात झालं. त्याच अभ्यासात गर्डर, म्हणजे पुलाची मुख्य तुळई, खांबावर किती टेकला आहे आणि आडवा सरकला तर निसटेल का, एवढं पाहिलं तरी खूप. जुन्या पुलांचे गर्डर भूकंपात निसटून पडतात, आणि ते रोखायला खांबावर अटकाव बसवणं किंवा टेकण्याची जागा रुंद करणं पुरतं.

जुन्या चाळींविषयी माझं मत अनेकांना पटणार नाही. सागवानी खांब-तुळयांची चाळ, सांधे धड असतील तर, आडव्या धक्क्याला काही काँक्रीटच्या इमारतींपेक्षा बरी वागेल. लाकूड हलकं असतं, वाकतं, आणि मोडण्याआधी करकरतं. तिचा घात होतो तो न्हाणीघराच्या गळतीने. खांबाचा पाय आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक कुजतं, आणि बाहेरून रंग चकचकीत दिसतो. ऑडिटमध्ये तिथे टोचा घालून पाहायला हवं. सरसकट सगळं पाडून टॉवर उभे करणं हाच भूकंपावरचा उपाय, असं कोणी म्हणालं तर त्या टॉवरच्या रिंगा आधी पाहा, असं मी म्हणेन.

खर्चाचा मुद्दा निघेल. मी प्रत्येक इमारतीचं किचकट गणित मागत नाही. ऑडिटला आडव्या बलाचं एक पान जोडा, आणि त्यात एवढंच भरा. इमारत कोणत्या साली, कोणत्या मानकाने बांधली. आयएस १८९३ चं पहिलं मानकच १९६२ चं आहे. खालचा मजला मोकळा आहे का. भिंती, कॉलम कापलेत का. खाली खडक आहे, चिखल आहे की भराव. शेजारच्या इमारतीशी अंतर किती. प्रशिक्षित इंजिनिअर तासा-दोन तासांत हे पाहून पान भरू शकतो. त्यातून ज्या इमारती संशयास्पद ठरतील, त्यांचंच पुढे सविस्तर मूल्यमापन.

माझी सूचना अशी की एफ-उत्तर वॉर्ड आधी घ्या. त्यात अंटॉप हिलचा खडक आहे आणि वडाळ्याची खाजणाची जमीनही आहे, माटुंग्याला फाइव्ह गार्डन्सच्या आसपास १९३०-४० च्या इमारती आहेत, चाळी आहेत, स्टिल्टच्या सोसायट्या आहेत, नवे टॉवर आहेत आणि आपलं सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. आडव्या बलाचं पान त्या वॉर्डापुरतं सहा महिने सक्तीचं करून पाहा, आणि जे निघेल ते लोकांसमोर ठेवा. रुग्णालयाची पाहणी आणि इंजिनिअरांचं प्रशिक्षण यासाठी मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत. आपल्या कार्यालयाने तारीख कळवावी.

आपला,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर,
दादर, मुंबई